घर शेतावर हलवताय? टेम्पोचं नंतर बघा, आधी पावसाचं बजेट करा



मागच्या आठवड्यात भात झोडायचं काम चालू होतं, तेव्हा एक फोन आला. अंबरनाथचे एक गृहस्थ, एमआयडीसीतल्या कारखान्यातून येत्या मार्चमध्ये रिटायर होणार. मूळ सातारकडचे, गावी सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे शेतकरी दाखल्याची अडचण नाही. म्हणाले, "दादा, तुमचं पेज वाचतो. बारवी रोडला नाहीतर वांगणीच्या बाजूला वीस गुंठे बघतोय. तिथंच घर बांधून राहायला जाऊ म्हणतो. शिफ्टिंगला साधारण किती धरू?"

मी विचारलं, "शिफ्टिंग म्हणजे काय काय धरलंत?"

म्हणाले, "टेम्पो, हमाल, आणि वर थोडे सुटे."

मला हसू आलं, कारण अडीच वर्षांपूर्वी माझ्या वहीतही पहिल्या ओळीला टेम्पोच होता. मी तर जन्माचा इथला शेतकरी. तरी माझा हिशोब दुपटीपेक्षा जास्त चुकला. म्हणून आज पिकाचं बाजूला ठेवतो आणि घर हलवण्याच्या हिशोबावर लिहितो. माझं म्हणणं एवढंच आहे की शेतावर राहायला जायचं बजेट जमीन आणि बंगला यांच्यावरून करू नका. पहिला पावसाळा आणि पहिला मे महिना घरातली माणसं कशी काढतील, यावरून करा.

नवीन वाचकांसाठी आमची गोष्ट थोडक्यात सांगतो. आमचं जुनं घर उल्हास नदीच्या अंगाला, खाचराच्या कडेला होतं. २६ जुलै २००५ ला पाणी आड्यापर्यंत आलं. माणसं वाचली, दोन बैल गेले, घर बसलं. त्यानंतर आम्ही बदलापूरला आलो. आधी भाड्यानं, मग कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन घेतला. शेती सोडली नाही. रोज मोटारसायकलवर जाऊन केली. पोरांच्या शाळा झाल्या. आई मात्र त्या तिसऱ्या मजल्यावर अठरा वर्षं बसून राहिली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या दिसायच्या. तिचं एकच होतं, "मला शेवटचे दिवस आपल्या जागेत काढू द्या." मे २०२३ मध्ये आम्ही शेतावर आलो ते तिच्यासाठी.

या वेळी घर नदीपासून लांब, वरच्या वरकस जमिनीवर बांधलं. त्याला सहा लाख धरले होते, सहा लाख चाळीस हजार लागले. म्हणजे घराचा अंदाज फार चुकला नाही. बाकीचा चुकला. वहीतलं जसंच्या तसं देतो. पहिला आकडा मी धरलेला, दुसरा प्रत्यक्ष लागलेला.

टेम्पो आणि हमाली: १०,००० / ११,५००
बोअर, पंप, पाईप, टाकी: ७०,००० / १,१२,०००
लाईटचे पोल, मीटर, वायरिंग: २०,००० / ५८,०००
घरापर्यंतचा रस्ता: १५,००० / ६३,५००
संडासची टाकी, न्हाणी: ४०,००० / ४६,०००
इन्व्हर्टर, बॅटरी, सोलर दिवे: धरलेच नव्हते / २९,०००
कुंपण, गेट, खिडक्यांना जाळ्या: १०,००० / ३४,०००
पहिल्या पावसातली गळती आणि पत्र्याची दुरुस्ती: धरलीच नव्हती / २१,०००
एकूण: १,६५,००० / ३,७५,०००

वरचे दोन लाख दहा हजार आणले कुठून? आमच्या हिच्या पाटल्या गहाण टाकून दीड लाख उचलले आणि मेहुण्याकडून साठ हजार घेतले. शेतावर राहायला जायचा हट्ट माझा आणि आईचा, पाटल्या तिच्या. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही, पण लपवून उपयोग काय.

आता यातल्या तीन गोष्टींवर जरा बोलतो, कारण चूक तिथंच होते.

पाणी. लोक म्हणतात, तुमच्याकडे बारवी धरण आहे, तुम्हाला पाण्याची काय चिंता? अहो, बारवी धरण एमआयडीसीचं. ते पाणी कारखान्यांना आणि शहरांना जातं. धरण शेजारी आहे म्हणून तुमच्या वरकसावर नळ येत नाही. आमची विहीर खाली खाचरात, घर वर. पहिला बोअर २२० फूट मारला, नुसती धूळ. दुसरा २६० फुटांवर लागला. पाणी लागलं नाही तरी फुटाचे पैसे द्यावेच लागतात. म्हणून बोअरचं बजेट करताना एक बोअर फुकट जाणार असं धरूनच करा. आणि पाणी बघायचं असेल तर ऑगस्टमध्ये बघू नका. ऑगस्टमध्ये इथं दगडातूनही पाणी पाझरतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात या, शेजारच्या विहिरीत वाकून बघा आणि तिथल्या बाईला विचारा की हंडा भरायला किती वेळ लागतो. एजंट जे सांगणार नाही ते ती सांगेल.

रस्ता. मी पंधरा हजार धरले, कारण मोटारसायकल आणि ट्रॅक्टर वर्षानुवर्षं त्याच वाटेनं जात होते. पण ट्रॅक्टर जाणारी वाट वेगळी आणि जुलैत रात्री रिक्षा येईल असा रस्ता वेगळा. एकशेवीस मीटरला अडतीस ब्रास मुरूम लागला, बाराशेनं ४५,६००. जेसीबीचे आठ तास, ८,८००. पाणी काढायला तीन सिमेंटचे पाईप बसवून ९,१००. तोही रस्ता दर वर्षी थोडा धुपतो, दिवाळीनंतर दोन-तीन ट्रिपा मुरूम टाकावाच लागतो.

माझी वाट निदान माझ्याच गटातून आहे. तुम्ही जागा घेताना रस्ता कागदावर बघा. "शेजारी जाऊ देतो" याला रस्ता म्हणत नाहीत. आज जाऊ देतो, उद्या त्याचा मुलगा बांध घालतो. गाव नकाशावर वाट आहे का, खरेदीखतात रस्त्याचा हक्क लिहिलाय का, हे बघा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो आणि वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागता येते. पण दाद मागेपर्यंत तुमचं सिमेंट रस्त्याच्या अलीकडेच दगड होऊन बसतं.

लाईट. शेतीपंपाचं कनेक्शन असलं तरी घराचं वेगळं घ्यावं लागतं. शेवटच्या पोलापासून तुमचं घर किती लांब आहे ते पावलांनी मोजा. आम्हाला तीन पोल टाकावे लागले. पावसात झाड पडलं की चोवीस तास लाईट नसते हे गावात नेहमीचं, म्हणून इन्व्हर्टर ही चैन नाही. लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की संडासात पाणी नाही. फ्लॅटमधून आलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळतं.

सामानाचंही सांगतो. शोकेस, सोफा, मुलीचं टेबल, सगळं टेम्पोत भरून आणलं. त्यातलं भुशाच्या बोर्डाचं जे होतं ते ऑगस्टपर्यंत फुगलं, बुरशी धरली, आणि दिवाळीला चुलीत गेलं. आम्ही ते वाहून आणायचे पैसे दिले आणि मग जाळलं. तुम्ही हलायच्या आधीच विकून टाका. लोखंडी कपाट, स्टीलची मांडणी, सागाची खाट एवढंच आणा. नवीन घ्यायचंच असेल तर उल्हासनगरचं फर्निचर मार्केट कुठं पळून जात नाही. एक पावसाळा जाऊ द्या, मग घरात ओल कुठं येते ते बघून घ्या.

आता महिन्याच्या खर्चाचं. बदलापूरला आमचा पाच माणसांचा महिन्याचा खर्च साडेचोवीस हजार होता. शेतावर चौदा हजारांत भागेल असं मी घरात छाती ठोकून सांगितलं होतं. प्रत्यक्षात बावीस हजार लागतात. भाजी, दूध, तांदूळ मिळून सहा हजार तीनशे वाचले हे खरं. पण मुलगा अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला, मुलगी उल्हासनगरला कॉलेजला. पेट्रोल आणि रेल्वे पास मिळून एकतीसशे वाढले. कुत्रा, कोंबड्या, बॅटरीचं पाणी, मोटारसायकलची जास्तीची कामं, याचे सातशे. म्हणजे हातात राहिले अडीच हजार. गावात राहणं स्वस्त पडतं हे ज्याचं कामधाम गावातच आहे त्याच्यासाठी खरं आहे. ज्याच्या घरातली दोन माणसं रोज स्टेशन गाठतात त्याच्यासाठी नाही.

"मग शेतीचं उत्पन्न?" हा प्रश्न सगळेच विचारतात. मांडून दाखवतो. दीड एकर भात, वीस क्विंटल झालं. आठ क्विंटल घरच्या तांदळाला ठेवलं. बारा विकलं. त्या २०२३-२४ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव २,१८३ रुपये होता. झाले २६,१९६. नांगरट, बियाणं, खत, आवणीची आणि कापणीची मजुरी मिळून चोवीस हजार गेले. हातात उरले दोन हजार, घरचा तांदूळ आणि पेंढा. पुढं वाल आणि भेंडीनं हात दिला, पण तो पैसा फेब्रुवारीनंतर आला. मेमध्ये आलेल्या माणसाला नऊ महिने शेतातून रोख काही मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या घरखर्चात शेतीचं उत्पन्न शून्य लिहा. आलं तर तो सण समजा.

आम्ही तरलो ते एकाच गोष्टीमुळे, आणि ते श्रेय माझं नाही. मी फ्लॅट विकायला निघालो होतो. गिऱ्हाईकही आलं होतं. ही म्हणाली, "दोन पावसाळे बघा, मग विका. तुम्हाला शेत माहीत आहे, शेतावरचं घर चालवणं माहीत नाही." तेव्हा राग आला. आता वाटतं, अख्ख्या हिशोबात तेवढं एक वाक्य बरोबर होतं. फ्लॅट दहा हजारांनी भाड्याला दिला. सोसायटीचा मेंटेनन्स जाऊन साडेआठ हजार राहतात. त्याच भाड्यातून वीस महिन्यांत पाटल्या सुटल्या.

आणि आता ती गोष्ट, जी वहीत कुठल्याच ओळीत नव्हती.

२०२४ चा जुलै. रात्री दीड वाजता आईला दम लागला. बीपी आणि साखर दोन्ही आहे. बाहेर दोन दिवसांची झड. उल्हास नदी चढलेली, आणि आमच्या नि मोठ्या रस्त्याच्या मध्ये जो ओढा आहे त्याच्या मोरीवरून गुडघाभर पाणी. फोनला रेंज नाही. अँब्युलन्स आली असती तरी ओढ्याच्या पलीकडेच थांबली असती. मुलगा भिजत पाड्यावर धावला. तिथून चार जण आले, एकानं ट्रॅक्टर काढला. आईला खुर्चीत बसवून, खुर्ची ट्रॉलीत दोराने बांधून आम्ही ओढा ओलांडला. पलीकडे पाड्यातल्याच एकाच्या भावाची रिक्षा उभी होती. बदलापूरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत साडेतीन वाजले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी मनात म्हटलं, मी नाही आणलं, पाड्यानं आणलं.

काही जण म्हणतील, तू शेतकरी असून लोकांना घाबरवतोस. आपले आजे-पणजे काय इन्व्हर्टर लावून राहत होते? बरोबर आहे. पण ते एकटे राहत नव्हते. पंधरा घरांची वाडी, प्रत्येक घरात दोन-तीन तरणे गडी. आजारी माणसाला झोळीत घालून न्यायला हाक मारली की माणसं यायची. गळतं घर शाकारायला, बांध घालायला माणसं यायची, आणि त्याचा मोबदला पैशात नव्हता, उद्या आपण त्यांच्याकडे जायचं एवढाच होता. आज शेतात एकटं घर बांधणारा माणूस ते सगळं पैसे मोजून विकत घेतो, आणि रात्री दीड वाजता ते विकतही मिळत नाही.

म्हणून मी लोकांना सांगतो, डोंगर दिसतो म्हणून टोकाची जागा घेऊ नका. गावठाणाच्या, पाड्याच्या हाकेच्या अंतरावर घ्या. आणि तिथं गेल्यावर पाड्यातल्या हळदीला, गणपतीला, मयताला जा. बजेटमध्ये आहेराची ओळ धरा. ही थट्टा नाही.

गेल्या वर्षापासून आम्ही एक नवीन ओळ वहीत घातली आहे: पावसाळ्यातली खोली. जून ते सप्टेंबर बदलापूरला स्टेशनजवळ एक खोली, महिन्याला पाच हजार, चार महिन्यांचे वीस हजार. आई आणि मुलगी तिथं राहतात, मुलीचं कॉलेजही जवळ पडतं. आई पहिल्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. जिच्यासाठी शेतावर आलो, तिलाच चार महिने शेत दिसत नाही. आवणी बघायची तिची हौस राहून जाते. पण दसऱ्याला ती परत येते, कापणी बघते आणि वालाच्या शेंगा सोलत अंगणात बसते. आठ महिने तिचे, चार महिने पावसाचे. याहून चांगलं मला जमलेलं नाही.

आता अंबरनाथच्या त्या गृहस्थांना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

पहिलं, जमीन घेण्याआधी कागद नीट बघा. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, हे कुळकायद्याचं कलम ६३. तुम्ही शेतकरी आहात, तरी समोरची जमीन वर्ग २ ची आहे का, आदिवासी खातेदाराची आहे का, इतर हक्कात कुळाची किंवा वनाची नोंद आहे का, हे फेरफार काढून बघा. वीस गुंठ्यांचं खरेदीखत होईल, पण शेतघराच्या नियमात किमान ०.४० हेक्टर म्हणजे चाळीस गुंठे लागतात. वीस गुंठ्यांवर घर कसं बसणार ते विकणाऱ्याला नको, नगररचनावाल्याला विचारा.

दुसरं, पूररेषा बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण आकड्यांवर निवांत राहू नका. २००५ ला पाणी आलं, आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून हजारावर माणसं बोटीनं काढावी लागली. बदलापूरला उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे. २००५ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्याला दाखवायला सांगा. तो झाडावर हात ठेवून दाखवेल.

तिसरं, हातातल्या पैशाचे तीन भाग करा. एक भाग जमीन आणि घर. एक भाग पाणी, रस्ता, लाईट आणि कुंपण. तिसरा भाग बँकेत, वर्षभराचा घरखर्च आणि दवाखाना, त्याला हात लावायचा नाही. पहिल्या भागात जमीन बसत नसेल तर जमीन लहान घ्या, नाहीतर दोन वर्षं थांबा. तिसऱ्या भागातून उसने घेऊ नका.

चौथं, शहरातलं घर दोन पावसाळे विकू नका.

पाचवं, जुलैत पंधरा दिवस आणि मेमध्ये पंधरा दिवस त्या गावात खोली घेऊन राहा, बायको-मुलांसकट. साप चावल्यावरची लस कुठल्या दवाखान्यात मिळते, रात्री रिक्षा कोणाची येते, गॅसचा सिलेंडर कुठून आणावा लागतो, हे तेव्हाच विचारून ठेवा. त्या महिन्याला दहा-पंधरा हजार जातील. माझे दोन लाख दहा हजार वाचले असते.

गृहस्थ थोडे नाराज झाले. त्यांच्या वीस लाखांतले सोळा-सतरा जमिनीला आणि उरलेले घराला असं ठरलेलं होतं. शेवटी विचारलं, "दादा, पण तुम्ही परत बदलापूरला जाल का?"

नाही जाणार. सकाळी उठून खाचरात पाणी किती आहे ते बघायला आता मोटारसायकल काढावी लागत नाही, आणि रात्री रानडुकरं आली तर आवाज येतो. शेत राखायचं तर शेतावर राहायला हवं, हे मला पटलेलं आहे. पण परत हलायची वेळ आली तर वहीतली पहिली ओळ टेम्पोची नसेल, ओढ्याच्या मोरीची असेल.

तुमच्यापैकी जे शहरातून शेतावर राहायला गेलेत त्यांनी खाली आपला हिशोब टाका. किती धरले होते, किती लागले, आणि कुठली ओळ राहून गेली होती. मार्चच्या आत कोणाचे तरी पैसे वाचतील.